नाथाजी कृष्णात आणि अमेरिकन सैन्य

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. विश्रामबाग, सांगली.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सातवीत फिरदोस आणि मी एका बाकावर बसायचो. एकदा जेवणानंतरच्या तासाला बाकाखाली जॅम लावलेला एकच ब्रेडचा तुकडा दोघींत चालला होता. सिस्टरनी नेमकं मला उठवलं आणि विचारलं, अमेरिका पहिल्या महायुद्धात कधी उतरली? मी म्हणाले, १९१७. क्रांतीला इतिहासाची जाण आहे, असं सिस्टर सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. फिरदोसचे ओठ तेव्हा हलत होते खरे, पण ती बहुधा ब्रेड चावत असावी.

माझ्या पीएच.डी.चं मूळ तिथलं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर नाव नोंदवलं, त्याला सहा वर्षं झाली. विषय: १९१८ मधील अमेरिकन सैन्य आणि सातारा जिल्ह्यातील शिपाई. एकवीस तारखेला समितीपुढे सादरीकरण आहे. पसंत पडलं तर प्रबंध जमा. नाही तर अठ्ठावीसला नोंदणी रद्द, आणि बासष्टाव्या वर्षी पुन्हा कोण घेणार?

अठरा दिवस आहेत. भरपूर झाले.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज दहा पानं. टीव्ही बंद.

४ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

अलार्म वाजला नसावा.

माझे मार्गदर्शक ऋषिराज सर (वय चौतीस, म्हणजे आमच्या मुलाहून, जयराजहून, लहान) यांना चौथ्या प्रकरणासाठी मूळ कार्डाची स्कॅन कॉपी हवी आहे. पाठवते, असं मी म्हणाले.

चौथं प्रकरण हा सगळ्याचा कणा. बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत दोन वस्तू सापडल्या. एक, अ‍ॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा, त्यावर U.S. आणि १९१८. दोन, लष्करी पोस्टाचं कार्ड, तारीख पुसलेली. लिहिणारा नाथाजी कृष्णात, म्हणजे माझे पणजोबा. पत्र त्यांच्या वडिलांना. मजकूर: ‘आमच्या शेजारी अमेरिकन लोकांचा तळ आहे. माणसं चांगली आहेत... काळजी नसावी.’

१९१८ मध्ये अमेरिकन होते फ्रान्सला, म्हणजे माण तालुक्यातला माणूस फ्रान्सच्या चिखलात अमेरिकनांच्या शेजारी. हे अजून कुणीही लिहिलेलं नाही.

ती तीन टिंबं माझी. तिथे एक ओळ आहे की पाय मुरगळला तेव्हा अमेरिकनांनी जीपमधून दवाखान्यात नेलं. जीप १९१८ मध्ये नव्हती हे मलाही कळतं. पण मोटारी होत्या. पुढे कुणीतरी शाई गिरवताना शब्द बदलला असणार. त्यानंतर दोन ओळी निव्वळ घरगुती, संशोधनाच्या दृष्टीने निरुपयोगी. वाचकाचा वेळ वाचवणं हेही संशोधकाचं काम आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पानं: शून्य. पण पेनं आणली.

ऋषिराज सरांचा फोन. त्यांना युद्धात मेलेल्यांच्या यादीत माझे पणजोबा सापडले. नाथाजी कृष्णात, गाव तेच, १९१६ मध्ये मेसोपोटेमियात, बसऱ्याजवळ मृत्यू. मग १९१८ ला ते फ्रान्समध्ये कसे, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं. नम्रपणामुळेच मी खुर्ची ओढून बसले.

मी सांगितलं, तो दुसरा कुणी नाथाजी असणार. सर म्हणाले, मॅडम, एका गावात, वडिलांच्या नावासकट? मी म्हटलं, लष्करी कारकुनांच्या चुकांवर स्वतंत्र प्रकरण होईल. त्यांनी विषय बदलला. पटलं असावं.

स्कॅनचं पुन्हा विचारलं. झेरॉक्सवाला आजारी आहे असं सांगितलं. तो दिसायला तरी आजारीच दिसतो.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपार

साताऱ्याहून फिरदोसचा फोन. तिला सगळं सांगितलं. तिने टिंबांखाली काय आहे ते वाचायला लावलं. वाचलं. तिने आधी कुतुबुद्दीनभाईंना, म्हणजे तिच्या मिस्टरांना, दुकानातलं पत्रा ठोकणं थांबवायला सांगितलं. मग ती म्हणाली, क्रांती, तू गावाला जाऊन कुणा म्हाताऱ्याला विचारलंस का एकदा तरी? मी म्हटलं, मौखिक साधनं विश्वासार्ह नसतात. ती म्हणाली, आणि तू?

पन्नास वर्षांची मैत्रीण आहे म्हणून ऐकून घेतलं.

जाणारच होते. फील्ड वर्क शिल्लकच होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गावाला जाऊन आले. कार्ड पर्समध्ये, डबा पिशवीत.

भावकीतले तात्याबा, निवृत्त सुभेदार, वय अठ्ठ्याहत्तर. शेजारी बनुआक्का शेळीला पाला घालत होती. बनुआक्का म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांची मुलगी, एक्क्याऐंशीची. तिचे वडील लवकर गेले एवढंच मला माहीत. सहाव्या वर्षापासून मी हॉस्टेलवर, घरी सुट्टीपुरती. कोण कसं गेलं ते कधी विचारलं नाही.

तात्याबांना म्हटलं, नाथाजी पणजोबांचं सांगा. ते म्हणाले, कुठला नाथाजी पायजे? थोरला का धाकला?

मी म्हटलं, लढाईत गेलेले. म्हणाले, दोगं बी लढाईतच गेलं की. थोरला बसऱ्याकडं, पैल्या लढाईत, कवाच. त्यो मेल्यावर नातू झाला, त्याला आज्याचं नाव ठिवलं. नाथाजीचा कृष्णात, कृष्णाताचा पुना नाथाजी. धाकला दुसऱ्या लढाईत इटलीला गेला, तिकडंच ऱ्हायला. ह्या बनीचा बा त्यो. त्याचं सामान सरकारनं धाडलं, ते तुज्या बापानं ट्रंकंत ठिवलं. डब्यावर १९१८ आसंना का, फौजंत जुना माल बी वाटत्यात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आज्याचं नाव नातवाला ठिवत्यात, एवढं बी त्या कानवेंटात शिकवलं न्हाई व्हय गं पोरी?

बनुआक्का हसली. म्हणाली, ऱ्हाऊ द्या वो, ती लय शिकल्याली हाय.

तात्याबांचं वय झालं आहे. मला दोनदा माझ्या आईच्या नावाने हाक मारली. असा साक्षीदार समितीपुढे टिकणार नाही.

कार्ड बनुआक्काला दाखवणार होते. तिचे हात ओले होते. जुना कागद, डाग पडला असता. पर्स मांडीवर घट्ट धरून चहा प्याले आणि निघाले. ती एसटीपर्यंत आली. पिशवीत शेंगा घातल्या.

१४ फेब्रुवारी

शेंगा खाव्याशा वाटत नाहीत. ओट्यावर तशाच आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवा विचार: प्रश्नच निघाला नाही तर? समितीत तिघे. एक अर्थशास्त्राचे आहेत. चौथं प्रकरण दोन स्लाइडमध्ये भरभर संपवायचं आणि बाकी वेळ १९१७ च्या अमेरिकन सक्तीच्या सैन्यभरतीवर बोलायचं. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

ऋषिराज सरांचे तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. एकाग्रता.

पाचला उठले. नुसतीच बसून राहिले.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

साडीला इस्त्री. स्लाइड तयार. सरांचा मेसेज: मॅडम, मूळ कार्ड घेऊन या, बाहेरचे परीक्षक मागणार. नाही तर चौथं प्रकरण आजच काढून टाका, मी सांभाळून घेतो.

चौथं काढलं तर उरतं काय? ग्रंथालयातल्या पुस्तकांची उजळणी. कुणीही करील.

घेऊन जाते. लांबून दाखवते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सैन्यभरतीवर पंचवीस मिनिटं बोलले. उत्तम. अर्थशास्त्राच्या सरांनी मान डोलावली.

मग बाहेरच्या परीक्षक, कोल्हापूरच्या बाई, म्हणाल्या, ते कार्ड जरा पूर्ण वाचून दाखवता का, टिंबांसकट. मी म्हटलं, अक्षर पुसट आहे. त्या म्हणाल्या, आम्हाला वेळ आहे. ऋषिराज सर टेबलाकडे बघत होते.

वाचलं. जीप आली तेव्हा अर्थशास्त्राचे सर खोकले. तिथे थांबता आलं असतं. पण पुढच्या दोन ओळी आपोआपच वाचल्या गेल्या: ‘पोरगी उभी राहती का. धरून उभी करू नका, आपली आपण राहू द्या.’

सहा वर्षं त्या ओळी मी घरगुती म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. आज त्या माझ्या आवाजात ऐकू आल्या आणि मला पुढचं ‘काळजी नसावी’ म्हणता येईना. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, हे माझे पणजोबा नाहीत. ती पोरगी एक्क्याऐंशी वर्षांची आहे, आणि गेल्या आठवड्यात माझ्यासमोर शेळीला पाला घालत होती.

माझ्या भरतीवरच्या विवेचनाचं कौतुक झालं, हे नोंदवून ठेवते. लेखी शेरा: मूळ साधनाची मोडतोड. प्रबंध नामंजूर. मुदतवाढ नाही.

सर गेटपर्यंत आले. म्हणाले, मॅडम, मी आधीच जोरात बोलायला हवं होतं. मुलगा चांगला आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार. गाव

बनुआक्काला कार्ड तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने मध्येच विचारलं, मंग ऱ्हायले हुते का गं मी उभी, तवा?

मी तात्याबांकडे बघितलं. ते म्हणाले, कोण सांगनार बनी, बगितल्याली सगळी गेली. तिने कार्डावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ऱ्हायले असंन.

मी समजावलं की जुना कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, सावलीत, सपाट ठेवायचा असतो. तिने तो घडी घालून चोळीत ठेवला. क्रांते, म्हणाली, तुज्याकडं किती वर्सं हुता गं ह्यो? मी सांगितलं, एकोणीस. बरं, म्हणाली आणि चुलीकडे गेली. 

माझ्या मागे बाबांच्या ट्रंकेसारखा घोळ नको म्हणून लिहून ठेवते.

युद्धावरची माझी पुस्तकं ऋषिराज सरांना. त्यातली दोन कॉलेजच्या लायब्ररीची आहेत, ती आधी परत करावीत. पहिली तीन प्रकरणं जयराजला. वाचणार नाही, पण ठेवील. चौथं रद्दीत घालावं. पाचगणीच्या वर्गाचा फोटो फिरदोसला.

कार्ड बनुआक्काचं. तिच्यानंतर तिच्या नातीला, शिवांजलीला. ती पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पाचला उठून पळते. डबाही त्यांचाच. बनुआक्काने आज दुपारीच त्यात मिशेरी भरली आहे. ती कुणी काढू नये.