आईच्या मशीनचं पायडल

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

भंगार! आज पुन्हा बाबा भंगारच म्हणाले.

मुंबईच्या संगीत संग्रहालयातून टीना मॅडम आल्या, सोबत कॅमेरावाला. बाबांच्या दोन्ही पेडल स्टील गिटारी, आडव्या ठेवून पायडल दाबत वाजवायच्या, त्यांना तिथं मांडायच्या आहेत. एक परदेशातून मागवलेली, चकचकीत. दुसरी बाबांनी स्वतः बनवलेली, लोखंडी पायांची. याच गिटारीनं त्यांना सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये नाव मिळवून दिलं. मॅडमचा जीव हिच्यावरच जडला. कशी बनवली ते सांगा म्हणाल्या.

बाबा खुर्चीत सरसावले. "परदेशी बाजा घ्यायची ऐपत नव्हती. भंगारातून लोखंड जमवलं आणि बनवला."

मॅडमचे डोळे भरले. आई तिथंच चहा घेऊन उभी होती. कप ठेवले अन् आत गेली.

ते भंगार नव्हतं. आईच्या शिलाई मशीनचं स्टँड होतं ते. पायडलसकट.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच. लिहूनच काढते.

मी दुसरीत होते. आमच्या अड्याळ गावातल्या अर्ध्या बायांचे झंपर आई शिवायची. मशीन तिला गोमाजी मामानं लग्नात दिलेली. आई बाजारात गेली होती, तेव्हा बाबा आणि त्यांचा वेल्डर दोस्त मंगरू आले. मशीनचं मुंडकं खोलून पोत्यावर ठेवलं, स्टँड बैलबंडीत टाकलं. मी विचारलं तर म्हणे, "दुरुस्तीले नेऊन राहिलो."

दुरुस्ती! पायडल कापून त्याचे तीन तुकडे केले. प्रत्येकाला सळई, सळईचं वरचं टोक तारेला. पाय दाबला की तार ताणली जाते अन् सूर वळतो — माणूस रडता रडता आवाज गिळतो, तसा. तो बाजा घेऊन बाबा मुंबईला गेले. तिथं असा सूर कोणापाशी नव्हता. प्रत्येक दुःखी गाण्याला बाबा हवेत, जागेश्वरच हवा! बस स्टँडवरच्या चहाच्या टपरीत गाणं लागलं की लोक म्हणत, ऐका, आपला जागेश्वर वाजवून राहिला.

आणि आई? मुंडक्याला हाताचं चाक लावून पाहिलं तिनं. एका हातानं चाक फिरवायचं, एका हातानं कापड धरायचं. बाह्या वाकड्या जायच्या. बाया दुसरीकडे जायला लागल्या. मग आई लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणीला, रोपं लावायला. पावसाळाभर पाय चिखलात. पायाच्या बोटांमधली कातडी फाटलेली असायची, तेल लावून बसायची.

बाबा सणावारी यायचे. लॉकडाऊननंतर काम आटलं, तेव्हा कायमचे आले. दोन्ही गिटारी घेऊन. पुढची खोली त्यांची झाली. आईनं काही विचारलं नाही. हेच मला सहन होत नाही!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज अंगणवाडीच्या ड्यूटीवरून आले ती सरळ पुढच्या खोलीत. बाबा तारा पुसत होते. म्हटलं, संग्रहालयातल्या पाटीवर खरं लिहायला सांगा. आईचं नाव पाहिजे.

ते मान वर न करता म्हणाले, "कायले जुनं उकरून राहिली, रक्षा? तिले बोलायचं असतं तं ती बोलली नसती का?"

"ती बोलत नाही म्हणून तुमचं निभलं, बाबा."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, त्या बाजानं या घराचं नाव झालं. मी म्हटलं, घराचं नाही, तुमचं.

मी आईकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. "जाऊ दे ना," एवढंच. मग तिच्यावरही चिडले. सूप तिच्या हातातून ओढून घेतलं. उगाच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

टीना मॅडम साकोलीला लॉजवर उतरल्या आहेत. फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, ही तर किती सुंदर गोष्ट आहे!

सुंदर? शब्द खटकला. पण आईचं नाव नक्की घालते म्हणाल्या. बाबांशीही बोलणार.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. बरं झालं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

साकोलीत बाबांचा सत्कार झाला. हॉल गच्च. बाबांनी माईक घेतला.

"हा बाजा माझ्या रुखमिणीच्या त्यागातून उभा राहिला. तिनं स्वतःच्या हातानं मशीन खोलून दिली. म्हणाली, तुम्ही जा, मी घर पाहून घेतो."

लोक उभे राहिले. केवढ्या टाळ्या! आईला स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. मॅडमनी पाटी वाचून दाखवली — 'पत्नी रुखमिणी यांनी प्रेमाने दिलेल्या शिलाई मशीनपासून.' मला उठून ओरडायचं होतं. पण आईचं नाव होतं तिथं, मीच घालायला लावलेलं. कोणत्या तोंडानं ओरडू?

मग बाबांनी वाजवलं. अजूनही तसंच वाजवतात. माझे डोळे भरले, त्याचाही राग आला.

परत येताना गाडीत बाबा पुढे, आम्ही मागे. आई हळू बोलली, फक्त मला ऐकू येईल असं.

"मी देली नाही. त्याईनं नेली."

मी म्हटलं, मला माहीत आहे गं.

"माहीत होतं तं नाव कायले घालाले लावलं? इतके वर्षं माझ्यापाशी तेवढंच होतं — का मी देली नाही, त्याईनं नेली. तेही आता तुमी दोघायनं दान करून टाकलं."

शाल तिनं गाडीतच सोडली. मीही उचलली नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गिटारी गेल्या. पुढची खोली मोकळी. बाबा दारात उभे राहून टेम्पो दिसेनासा होईपर्यंत पाहत होते. आई बाहेर आलीच नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आई लाखांदूरला मामाकडे निघाली. कपड्यांची पिशवी भरलेली. एसटीत बसवताना विचारलं, कधी येशील?

"त्याले म्हण, त्या बाईले फोन कर आन् सांग, नेली म्हणून. मंग येतो मी."

आईच्या तोंडून बाबांबद्दल कधी 'तो' ऐकलं नव्हतं.

घरी येऊन बाबांना निरोप दिला. शब्द एकही बदलला नाही.