रातकिड्यांचं पाणी

छकुले,

तुझ्या सरड्याच्या खाऊसाठी आणलेल्या रातकिड्यांना मी वाटीभर पाणी ठेवलं, तर सकाळी निम्मे बुडून मेलेले. दुकानदाराला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "काका, वाटी नको, गाजराची चकती ठेवा. तीच चोखतात ते." ठेवली. उरलेले टुणटुणीत आहेत. चकती रोज बदलावी लागते, नाहीतर बुरशी धरते.

मी दुपारपाळीला चाललोय. काल फोनवर तू "उद्या येते" म्हणालीस, पण सरडा न्यायला की राहायला, ते मला कळलंच नाही. परत विचारायचा धीर झाला नाही. त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो. म्हणून सरड्याचं सामान पिशवीत भरलंय, आणि तुझं अंथरूणही घातलंय.

बाबा