अणुभट्टीतलं स्थळ

हडपसर, पुणे
४ मार्च २००५

ती. सौ. मालनअक्कास धाकट्या ज्ञानदेवचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सर्व ठीक. (सर्व म्हणजे मी सोडून. माझ्याशी घरात कुणी बोलत नाही.)

तू सुचवलेला श्रीनिवास रविवारी आमच्या वैष्णवीला पाहून गेला. मुलगा कारवारजवळच्या अणुवीज केंद्रात आहे, हे तू कळवलं होतंस. तरी मी आपला हिंजवडीतला सॉफ्टवेअरवाला जावई मनात धरून बसलेलो. पोह्यांची बशी त्याच्या हातात देतादेताच विचारलं, की अणूची वीज आणि अणूचा बॉम्ब यांत फरक काय? सौ.नं डोळे वटारले. तो मात्र शांतपणे सांगू लागला. युरेनियमच्या अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन नावाचा कण आदळतो, गाभा फुटतो, उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढचे गाभे फोडतात. बॉम्बमध्ये हे मोकाट सुटतं. भट्टीत जादा न्यूट्रॉन शोषून घेणारे दांडे असतात, ते आत-बाहेर करून सगळं आटोक्यात ठेवतात. त्या उष्णतेनं पाण्याची वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं, त्याला जोडलेलं जनित्र वीज देतं. अगं, म्हणजे एवढा खटाटोप करून शेवटी पाणीच तापवायचं! मी तसं म्हणालोही. तो हसून म्हणाला, "हो काका, कोळशावरही तेच करतात. आमच्याकडे फक्त धूर नाही." नेमके तेव्हाच दिवे गेले. (रोज सहाला जातात, त्यात त्याचा दोष नाही.)

मेणबत्ती शोधताना मी वापरलेल्या इंधनाचं विचारलं. त्यानं टाळलं नाही. ते हजारो वर्षं घातक राहतं, आधी पाण्यात निववायचं, मग पिढ्यान् पिढ्या राखण करायची, म्हणाला. मुलाकडचा माणूस आपल्याच कामातलं वाईट सांगतोय, हे मी प्रथमच ऐकलं. खरं तर तिथेच होकार द्यायला हवा होता. पण मी मेणबत्ती लावली आणि विषय बदलला.

सोमवारी सकाळी मी त्याच्या वडिलांना पत्र टाकलं : पत्रिका जुळत नाही. (आपल्यात नकार असाच कळवतात, दोष ग्रहांवर जातो आणि कुणी दुखावत नाही.) पत्रिका मी उघडलीसुद्धा नव्हती. संध्याकाळी वैष्णवी कंपनीच्या बसमधून उतरली आणि चपला काढायच्या आत म्हणाली, "बाबा, मला पसंत आहे. होकार कळवा." मी पत्राचं सांगितलं, किरणोत्सर्गाची भीती घातली. तर ती म्हणे, वसाहतीत त्याचं मोजमाप सतत चालतं, मी रविवारी गच्चीवर त्याला सगळं विचारून घेतलंय. मग खरं कारण विचारलंन्. मी पेपर उघडला. तेव्हापासून अबोला.

असो. तब्येतीला जप.

तुझा,
ज्ञानदेव

ता. क. श्रीनिवासचे वडील सांगलीत तुझ्याच गल्लीत राहतात ना? पत्र मिळाल्याबरोबर जा आणि सांग, ज्ञानदेवनं मुलीची जन्मवेळ चुकीची धरली होती, नव्यानं पाहिल्यावर जुळते. गुडघे दुखत असले तरी जा, पाया पडतो.

ता. क. काल सौ.नं खरोखरच ज्योतिषाला पत्रिका दाखवली. छत्तीसपैकी एकतीस गुण! अक्का, मला अणूची भीती नव्हतीच. कारवार फार लांब आहे गं. हे वैष्णवीला मात्र कळू देऊ नकोस, नाहीतर पोर जायची नाही.