पुढची खोली विक्कीला कोणत्या अटीवर

मी कुंता शालिकराम मारबते, वय एकसष्ट, मुक्काम गडचांदूर, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. दम लागतो, पण डोकं ठिकाणावर आहे आणि कोणी मला लिहायला बसवलेलं नाही.

एक. राहतं घर मुलगी भाग्यश्री हिला. तिच्यावर माया जास्त म्हणून नाही. मुलगा विक्की याच्यावर कोर्टात केस चालू आहे, घर त्यात जाऊ नये म्हणून.

दोन. विक्कीने घराच्या पुढच्या खोलीत इंटरनेटचं दुकान टाकलं. सिमेंट कारखान्यातले कामगार पगार जमा झाला का, हे बघायला बँकेत चकरा मारत. विक्कीने त्यांचे पासवर्ड घेतले आणि पगार पडला की मोबाइलवर निरोप जाईल असा प्रोग्राम केला. बँकेला विचारलं नाही. सगळे पासवर्ड दुकानातल्याच कॉम्प्युटरवर होते. तिथून ते कोणीतरी नेले आणि शेजारच्या खुशालभाऊंचं खातं रिकामं झालं. बँक म्हणाली, पासवर्ड तुम्हीच दिला, आमची जबाबदारी नाही.

विक्की मला म्हणाला, "आई, लोकायनं स्वतः देल्ले. मी काऊन चोर?"

मी म्हटलं, "तुझे बाबा तलावावर राखण करत होते. जाळं ज्याचं त्याचं, पन तलाव मच्छीमार सोसायटीचा. कोणी सांगितलं का माहं जाळं तू उचल, तरी सोसायटीच्या मानसाले सांगितल्याबिगर बाबा हात लावू देत नोते. तू कोणाले सांगितलं?"

तो जेवला नाही. वकिलांनीही पुढे तेच सांगितलं, फक्त कलमं लावून.

तीन. पोलिसांनी कॉम्प्युटर नेला, पण पासवर्डांची एक सीडी विक्कीच्या कपाटात आहे. ती त्याने वकिलांमार्फत कोर्टात जमा करावी. मोडून फेकू नये, तो वेगळा गुन्हा होतो. जमा केली तर पुढची खोली हयातभर त्याची. पुन्हा कोणाचा पासवर्ड ठेवला तर भाग्यश्रीने खोलीला कुलूप लावावं आणि भाऊ म्हणून दया करू नये.

चार. खुशालभाऊंचं नुकसान मी शेळ्या विकून भरलं आहे. ते विक्कीकडून वसूल करू नये.

पाच. माझे दीर देवराव यांनी केस झाल्यावर येणं सोडलं. त्यांना पाणी भरायचा पितळी गुंड द्यावा, घ्यायला तरी यावं लागेल.

सहा. ह्यांचा खुंटीवरचा सदरा धुवू नये. माझ्यासोबत चितेवर द्यावा.

साक्षीदार म्हणून मी खुशालभाऊंनाच बोलावलं. ते म्हणाले, "बाई, सही करतो, पन माही तक्रार मागं घेत नाई."

"घेऊ नका," मी म्हटलं.

मग त्यांनी विक्कीला समोर बसवून तिसरं कलम मोठ्याने वाचायला लावलं. विक्की मध्ये थांबला, पण त्याने पूर्ण वाचलं. त्यानंतर भाऊंनी सही केली.

लिहून देणार: कुंता शालिकराम मारबते
साक्षीदार: खुशाल रायपुरे, मुखरू नागापुरे
गडचांदूर, १४ डिसेंबर २००८