पाळणाघराच्या फळ्या

प्रिय बाबा,

तुम्ही उठाल तेव्हा मी कारखान्यात असेन. आई हे चहाबरोबर देईल. आधी चहा प्या.

पाळणाघराच्या खाटांसाठी केलेल्या प्लायवुडच्या फळ्या आज गाडीत चढायच्या होत्या. माझा गोंद, सोयाबीनच्या पिठाचा, पाण्यात कालवलेला, जुन्या गोंदातल्या, डोळ्यांना झोंबणाऱ्या फॉर्मलिनचा थेंबही नसलेला. पहिली बादली मी तुमच्या विभागात आणली तेव्हा तुम्ही वास घेऊन सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरी, डोळ्यांत पाणी आणत नाही तो गोंद कसला, आणि भांडत नाही ती बायको कसली?" सगळे हसले. मीही हसले. मग चाचणीसाठी उकळत्या पाण्यात टाकलेल्या फळीच्या तुकड्यांचे थर सुटून वर तरंगले, तेव्हा कोणी हसलं नाही. तुम्ही तर माझ्याकडे बघितलंही नाहीत. मालक म्हणाले, आणखी एकच संधी, नाहीतर जुना गोंद आहेच.

पुढच्या खेपेला तुकडे टिकले. मी पीठ जास्त वेळ भिजवलं होतं. वाटलं, त्यानंच जमलं. गोंद लावायच्या यंत्रावर तुम्ही होतात. घरी येताना माझ्या पाठीवर हात ठेवलात. दहावीच्या निकालालाही ठेवला नव्हतात.

काल गोदामाचं दार उघडलं आणि डोळे चुरचुरले. तुमच्या विभागात तो वास कायमचाच. पण गोदामात माझ्या फळ्यांखेरीज काही नव्हतं. लहानपणी तुम्ही कामावरून येऊन मला उचललंत की असंच व्हायचं, आणि आई तुम्हाला आधी अंघोळीला पिटाळायची. फळी कापून तपासली. आत जुना गोंद आहे.

का केलंत ते कळतं. पोरीची फजिती बघवली नाही. पण बाळं त्या फळ्यांना नाक लावून झोपणार, बाबा. आणि तुमचा खोकला मी रोज भिंतीपलीकडून ऐकते.

काल संध्याकाळी मी मालकांना सांगितलं. त्यांनी गाडी रद्द केली. विचारलं, कोणी मिसळलं? माहीत नाही म्हणता आलं असतं; मग पाळीतल्या सगळ्यांवर आळ आला असता. मी तुमचं नाव घेतलं. जेवताना सांगायचं होतं, धीर झाला नाही. आज ते तुम्हाला बोलावतील. फाटकावर दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिते आहे. माझा गोंद अजून पाण्यात सुटतो, हेही मी त्यांना सांगितलं आहे.

तुमचीच,
ठमी