जाळी काढलेला उन्हाळा

प्रिय तात्या,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. पाणी किती उडतं ते मोजायच्या पत्र्याच्या टाकीची नोंद आता मीच घेतो. आज मात्र वही मिटून तुम्हालाच लिहायला बसलो. उद्या पुण्याहून हवामान खात्याचे साहेब येणार आहेत.

गेल्या खेपेला त्यांनी उपग्रहानं काढलेला आपल्या अकोले तालुक्यातल्या डोंगरांचा फोटो आणला होता. सगळं खोरं तळहाताएवढं! जमिनीतून, झाडापानांतून किती पाणी हवेत जातं, याचा अंदाज ते त्यावरून बांधतात. म्हणाले, "उन्हाकडची उतरण वेगळी, सावलीतली वेगळी. डोंगरात फोटो फसवतो. पडताळायला अख्ख्या खोऱ्यात तुमच्या वडिलांची एकच टाकी. दुष्काळातल्या उन्हाळ्याची वही काढून ठेवा."

नेमका तोच उन्हाळा हवा होता का?

आठवतं ना? रोज सकाळी साडेआठला टाकी खुणेपर्यंत भरायची. जेवढी मापं लागली, तेवढं पाणी उडालं. आणि पाखरांनी पिऊ नये म्हणून वर बसवलेली जाळीच तुम्ही काढून ठेवलीत! साळुंक्या, होले, कावळे, सगळे काठावर.

"तात्या, नोंद चुकंल."

"चुकू दे की. पानी वरच गेलं ना? वाऱ्यासंगं न्हाई, पंखासंगं गेलं!"

आईसुद्धा हसली. मला हसू आलं नाही. पण मापं मीच ओतली, आकडे तुम्ही लिहिलेत.

शेजारी मातीचा एक परळ भरून ठेवला असता तर? मग आठवतं, घरात प्यायलाच दिवसाला दीड हंडा पाणी. टाकीचं तेवढं सरकारी गाडीतून न चुकता यायचं. पाखरांनी जायचं कुठं?

पण तात्या, साहेब त्या आकड्यांवर सगळे डोंगर बेतणार! चोचींनी प्यायलेलं पाणी रानातून उडालं असं ठरणार. सांगितलं तर तुमचं नाव जाईल, माझी कच्ची नोकरीही. नववी नापासाला दुसरं कोण ठेवील? आज तीनदा वही चाळली. जाळी किती दिवस नव्हती, एवढं तरी तुम्ही टिपून ठेवायला हवं होतं!

उद्या मी सांगणार आहे. तुमच्या आकड्यांना हात लावणार नाही. त्या पानांवर पेन्सिलीनं एवढंच लिहीन: 'टाकीवर जाळी नव्हती. पाखरं पाणी पीत होती.' खाली सही माझी.

आणि नोकरी राहो न राहो, टाकीच्या कुंपणाबाहेर परळ भरलेला असेल.

तुमचा,
बाळू