रोजच पहिला दिवस

३ ऑगस्ट, रविवार
कलबुर्गीची कार्यशाळा आटोपून भालकीला परत. डोकं नुसतं भरून आलंय. सार एकच: पहिल्या दिवशी वर्ग जिंकला की वर्ष जिंकलं. मुलांना बोलतं करा, हलतं करा, सिलॅबस आपोआप मागून येतो. जेवणही उत्तम होतं.

यंदा हे जमवायलाच हवं. मी पडलो गेस्ट लेक्चरर. प्रिन्सिपल बसवंतप्पा सरांनी आधीच सांगून ठेवलंय की महिनाअखेरपर्यंत पोरांना ऐच्छिक विषय बदलता येतो, आणि ज्या विषयाला पोरं उरत नाहीत तो बंद. विषय बंद म्हणजे मी घरी. शेजारच्या वर्गात शिवराज सर इतिहास घेतात. डोळे मिटून नोट्स सांगतात, पोरं मान खाली घालून उतरवतात. बिचारी! असल्या वर्गात कोण टिकणार?

सुकन्याला योजना सांगितली. ती म्हणाली, सगळं छान आहे, पण शिकवणार कधी? प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला हे कसं कळावं. बायको असली तरी.

४ ऑगस्ट, सोमवार
पहिला दिवस!! बाकडी गोल लावून घेतली. शिपाई गुरुपादय्या म्हणाला, कामून सर, पंगत बसवायची हाय का? दुर्लक्ष केलं.

योजना अशी: चेंडू फेकायचा. जो झेलेल त्यानं नाव, गाव आणि वर्गाकडून काय अपेक्षा आहे ते सांगायचं. चेंडू घरीच राहिला. डब्यात सुकन्यानं लिंबू दिलं होतं, तेच फेकलं.

कुणी झेललं नाही. लिंबू जिकडं जाईल तिकडची पोरं उड्या मारून भिंतीला. हुलसूरची मंजुश्री ओरडली, सर, असं लिंबू टाकतेत व्हय कुणाच्या अंगावर! दुबलगुंडीचा ग्यानबा थेट व्हरांड्यात. नाव-गाव त्यानं तिथूनच सांगितलं.

निष्कर्ष: तासभर एकही विद्यार्थी जागेवर बसून नव्हता. कार्यशाळेत दाखवलेल्या व्हिडिओतसुद्धा एवढी हालचाल नव्हती.

५ ऑगस्ट, मंगळवार
मंजुश्रीची आई राजूबाई सकाळच्या बसनं हजर. लिंबू कुणी मंतरून दिलं, एवढंच विचारायचं होतं. म्हणालो, बायकोनं दिलं, वरणावर पिळायला. बाईंचं समाधान झालं नाही. सुकन्याचं माहेर कुठलं, तेही विचारून गेल्या.

पालकांचा सहभाग दुसऱ्याच दिवशी! प्रिन्सिपलांच्या कानावर घातलं पाहिजे.

(संध्याकाळी) त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं.

७ ऑगस्ट, गुरुवार
वर्ग खचाखच. लिंबूवाले सर बघायला बीकॉमची पोरंसुद्धा आली. शिवराज सर दारातून डोकावून गेले. चेहरा पडलेला वाटला. (ते म्हणतात ॲसिडिटी.)

नव्या पोरांचा आज पहिलाच दिवस, म्हणून पुन्हा गोल, पुन्हा ओळख. त्यांच्यावर अन्याय नको. आज चेंडू नेला. सगळ्यांनी झेलला. पोरं जरा हिरमुसली.

पहिला धडा सोमवारपासून. नक्की.

११ ऑगस्ट, सोमवार
ॲडमिशन संपता संपत नाहीत. रानातली कामं उरकली की पोरं नाव घालायला येतात, आमच्याकडं हे असंच. आज आणखी काही नवे. म्हणजे पुन्हा पहिला दिवस. जुन्यांचं आता पाठ झालंय. मंजुश्रीची ओळख ग्यानबानंच करून दिली, तिच्या म्हशीच्या नावासकट.

गुरुपादय्या कुरकुरतो. रोज बाकडी ओढायलाव सर, फरशी उखडायलीय म्हणाला. बदलाला विरोध होणारच.

धडा गुरुवारी.

१४ ऑगस्ट, गुरुवार
धडा नाही. उद्याच्या झेंडावंदनाची तयारी. शिवाय एक नवी मुलगी आली.

१९ ऑगस्ट, मंगळवार
मंजुश्री तासानंतर थांबली. म्हणाली, सर, पुस्तक रोज आणायलेय, उघडायचं कधी? पहिल्याच परीक्षेला मार्क पडले न्हाईत तर घरचे कॉलेज बंद करायलेत. उदगीरचं स्थळ बघून ठेवलंय.

किती मोकळेपणानं बोलली! पहिल्या दिवशी हीच पोरगी लिंबाला घाबरून भिंतीला चिकटली होती. भरून आलं. तिला म्हणालो, उद्या गोलात हे सगळ्यांपुढं सांग.

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. विचार करत असावी.

२५ ऑगस्ट, सोमवार
वर्गात हजेरी तुरळक. गणपतीची गडबड असणार. शिवराज सरांच्या खिडकीशी उगाच थांबलो. बाकावर दाटीवाटीनं बसलीत पोरं. त्यांच्याकडचा पंखा चालू आहे, हे कारण.

सुकन्या म्हणाली, अजून आठवडा आहे हो, उद्या एक धडा तरी शिकवा. फाडकन बोललो तिला. मग रात्री एकटाच पुस्तक घेऊन बसलो. पहिला धडा चांगला आहे. दाखला द्यायला साखर कारखाना इथंच आहे, पोरांच्या घरचा ऊस तिकडंच जातो. खरं तर मला छान शिकवता येईल.

पण उद्या दोघं नवीन येणार आहेत.

२८ ऑगस्ट, गुरुवार
काहीतरी शिजतंय! पोरं कोपऱ्यात कुजबुजतात, मला बघून गप्प. ग्यानबाच्या पिशवीत शाल दिसली. शिक्षक दिन!! पाच तारखेला ईदची सुट्टी, म्हणून शनिवारीच उरकत असतील. शिवराज सरांना कुणी विचारलेलं दिसत नाही. वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

भाषण तयार. शर्ट इस्त्रीला दिला.

३० ऑगस्ट, शनिवार
वर्गात गेलो तर बाकडी आधीच गोल. सगळी पोरं हजर, बीकॉमची पण. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं: निरोप समारंभ.

सगळ्यांनी विषय बदललाय. इतिहास. काल शेवटचे अर्ज गेले. आधी सांगायला धीर होईना म्हणाले.

कार्यक्रम मात्र देखणा झाला. एकेकानं उभं राहून, न अडखळता, नजरेला नजर देऊन बोलायचं. मंजुश्री म्हणाली, सर लई चांगले हायेत, पण परीक्षेत गोल बसवत न्हाईत. बोलताना रडली. मलाही आवरलं नाही. सरबत दिलं, लिंबाचं. कुणीही मागं सरकलं नाही.

शाल घालायच्या आधी ग्यानबानं माझी ओळख करून दिली. संकर्षण सर, मूळगाव, बायकोचं नाव, आवडती भाजी, आयुष्याकडून अपेक्षा, सगळं तोंडपाठ. मग अडकला. मंजुश्रीकडं वाकला. तिनं शेजारणीला विचारलं, तिनं पुढच्याला. प्रश्न गोल फिरून माझ्यापर्यंत आला.

सर, तुमचा विषय कोणता?

म्हणालो, अर्थशास्त्र. टाळ्या पडल्या.

घरी आलो. सुकन्यानं शाल घडी करून कपाटात ठेवली. काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.